युद्ध म्हणण्याचा अधिकार

इंग्रजीतला ‘वॉर’ हा शब्द लेखी रूपात अगदी सुरुवातीला भेटतो तो पीटरबरोच्या मठातल्या बखरीत. वर्षावर्षाच्या घडामोडी टिपून ठेवण्याची इंग्लंडमधल्या मठांची जुनी रीत होती. त्या परंपरेत सर्वांत शेवटपर्यंत चालू राहिलेली ही बखर ११५४ सालापाशी संपते. तिच्या अखेरच्या लेखनिकाने ११४० च्या नोंदीत लिहिले आहे की राजा स्टीफन आणि चेस्टरचा अर्ल रॅनल्फ यांच्यात मोठे ‘वेर्रे’ माजले. ‘डब्ल्यू’च्या जागी त्याने दोन ‘यू’ शेजारी शेजारी मांडले आहेत. कारणही तो सांगतो. राजाने अर्लचे काही अडवून धरले होते असे नाही. मागेल ते दिले, इतर सरदारांनाही दिले, पण जितके दिले तितके ते अधिकच वाईट वागू लागले. हे हस्तलिखित आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे.

या नोंदीतल्या दोन गोष्टी नीट पाहण्यासारख्या आहेत. पहिली, हे भांडण दोन देशांमधले नाही. राजा आणि त्याचाच सरदार यांच्यात किल्ल्यांवरून, जमिनींवरून जुंपलेले आहे. लिंकनचा किल्ला रॅनल्फने बळकावला, राजा वेढा घालायला गेला आणि फेब्रुवारी ११४१ मध्ये त्याच लिंकनपाशी स्वतः कैद झाला. दुसरी गोष्ट, ‘अधिक वाईट’ या अर्थाने लेखनिकाने योजलेला शब्द म्हणजे आजच्या ‘वर्स’चा पूर्वज, आणि ‘वॉर’ व ‘वर्स’ हे दोन्ही बहुधा एकाच जर्मानिक धातूपासून आले असे व्युत्पत्तिकार मानतात. एकाच वाक्यात दोन दूरचे भाऊबंद येऊन बसले आहेत, एक फ्रान्समार्गे आलेला, दुसरा घरचाच. लेखनिकाला याची गंधवार्ताही असणे शक्य नव्हते.

या पुस्तकाचा विषय हा एवढा एकच शब्द आहे. व्युत्पत्ती ही त्यातली पहिली पायरी. पण तेवढ्यावर थांबले तर ती केवळ गंमत होते. खरा प्रश्न पुढचा आहे. एखाद्या हाणामारीला ‘वॉर’ म्हणायचे की दंगा, बंड, दरोडा, कारवाई म्हणायचे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? आणि ते नाव मिळाले किंवा नाकारले गेले की कोणाच्या पदरात काय पडते? हजार-बाराशे वर्षांत हा अधिकार पायरीपायरीने वर सरकत गेला. सामान्य माणसाच्या तोंडचा शब्द सरदारांचा झाला, सरदारांचा राजाचा झाला, राजाचा राष्ट्रांचा झाला. आणि गंमत अशी, की विसाव्या शतकात तो पूर्णपणे राष्ट्रांच्या हाती आला तेव्हा राष्ट्रांनीच तो तोंडातून काढणे बंद केले. या प्रवासातले टप्पे वाचकापुढे ठेवावेत, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

आधी मूळ पाहू. राइनच्या पलीकडून येऊन आजच्या फ्रान्समध्ये स्थिरावलेल्या फ्रँक टोळ्यांच्या भाषेत ‘वेर्रा’ असा शब्द होता. त्याचा धातू गोंधळ, कालवाकालव, गुंता अशा अर्थाचा. आजच्या जर्मनमध्ये गुंतवणे, गोंधळात टाकणे यासाठी ‘फेरविरेन’ हे क्रियापद आहे, ते त्याच कुळातले. म्हणजे शब्दाच्या गाभ्यात ना शस्त्र आहे ना शौर्य. आहे ती बेबंदी. रोमन लोकांचा स्वतःचा शब्द होता ‘बेल्लुम’. रोमन साम्राज्य मोडल्यावर लॅटिनच्या मुलींनी आईचा हा शब्द टाकून फ्रँकांचा उचलला. इटालियनमध्ये ‘ग्वेर्रा’, स्पॅनिशमध्ये ‘गेर्रा’, फ्रेंचमध्ये ‘गेर’. याची दोन कारणे सांगितली जातात. एक, ‘बेल्लुम’चा उच्चार झिजत झिजत ‘सुंदर’ या अर्थाच्या ‘बेल्लो’शी जाऊन भिडला आणि घोटाळा होऊ लागला. दुसरे, त्या काळी लढण्याचा धंदा जर्मानिक लोकांच्या हाती होता, तेव्हा धंद्यातला शब्दही त्यांचाच चालला. जुना ‘बेल्लुम’ मात्र ग्रंथांत राहिला आणि ‘रिबेल’, ‘बेलिजरंट’ अशा शब्दांतून पुढे इंग्रजीत शिरला.

फ्रेंचमध्ये ‘ग’ आणि इंग्रजीत ‘व’ कसा, याचे उत्तर आपल्याकडच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात मिळते. मिक्सर घेताना दुकानदार ‘गॅरंटी नाही, वॉरंटी आहे’ असे बजावून सांगतो, आणि गिऱ्हाईकही त्यातला फरक समजून घेते. हे दोन्ही शब्द मुळात एकच. पॅरिसच्या बाजूच्या फ्रेंचने जर्मानिक ‘व’चा ‘ग’ केला. उत्तरेकडच्या नॉर्मंडी-पिकार्डीच्या बोलींनी ‘व’ तसाच ठेवला. इंग्लंड जिंकले ते नॉर्मन लोकांनी, म्हणून त्यांच्याबरोबर ‘व’वाले शब्द गेले; पुढे पॅरिसच्या भाषेचा दरारा वाढल्यावर ‘ग’वालेही दाखल झाले. इस्पितळातला ‘वॉर्ड’ आणि रेल्वेचा ‘गार्ड’ हेही असेच एका कुळातले, ‘विल्यम’ आणि ‘गिय्योम’ हे तर एकच नाव. मात्र राखणे, जामीन राहणे या अर्थांच्या या शब्दांचा ‘वॉर’शी रक्ताचा संबंध नाही. सारखा आहे तो फक्त ध्वनिबदल.

नॉर्मन येण्यापूर्वी इंग्रजांकडे लढाईसाठी शब्द नव्हते असे मुळीच नाही. उलट ते मुबलक होते. ‘विग’, ‘गूथ’, ‘हिल्ड’, ‘बेआडू’ असे कितीतरी शब्द जुन्या वीरकाव्यांत ओळीओळीला येतात. पण १०६६ नंतर दरबार, न्यायकचेरी आणि वसुली नॉर्मन फ्रेंचमध्ये चालू लागली. जुने शब्द शाहिरीतले, नवा शब्द दप्तरातला. दप्तरातला टिकला. जुने उरले ते माणसांच्या नावांत: हिल्डा, मटिल्डा, आणि जर्मनीकडचा लुडविग. तिकडच्या भाषांत याहून वेगळेच घडले. जर्मन ‘क्रीग’चा मूळ अर्थ हट्ट, नेट. आपल्याकडे वेदांतल्या ‘गविष्टी’त गाईंची इच्छा आहे, ‘रण’ या शब्दाला आनंदाचा अर्थ आहे, आणि मराठी दप्तरात रुळलेली ‘मोहीम’ अरबीतल्या ‘महत्त्वाचे काम’ अशा अर्थाच्या शब्दावरून आली आहे. शब्द कुठून आला यावर तो पुढे काय होईल हे ठरत नाही. ते ठरते तो कोणाच्या हाती जातो यावर.

नवव्या शतकातल्या फ्रँक राजा चार्ल्सच्या (इतिहासात ‘टकल्या चार्ल्स’ म्हणून ओळखला जाणारा) एका लॅटिन फर्मानात भांडणे, फाटाफूट आणि उठाव यांचा उल्लेख करून पुढे खुलासा येतो, की सामान्य लोक यालाच ‘वेर्रा’ म्हणतात. लॅटिन लिहिणाऱ्याला तो शब्द गावंढळ वाटत होता. राजाचे ते ‘बेल्लुम’, लोकांचे ते ‘वेर्रा’, अशी विभागणी होती. १२८३ च्या सुमारास फिलिप द बोमान्वार या फ्रेंच न्यायाधिकाऱ्याने बोव्हे प्रांताच्या रूढी लिहून काढल्या, तोवर चित्र पालटले होते. त्याच्या मते ‘गेर’ करण्याचा हक्क फक्त उमराव घराण्यांना. त्यांनी रीतसर आव्हान द्यावे, नातेवाइकांना त्यात ओढावे, तह करावा. हे सारे कायद्यात बसते. कुळवाड्यांनी किंवा शहरातल्या सामान्यांनी एकमेकांची डोकी फोडली तर मात्र तो गुन्हा, आणि त्याची शिक्षा गुन्ह्याचीच. जखम तीच, हत्यारही कदाचित तेच. खानदान पाहून नाव ठरे आणि नावावरून शिक्षा.

पुढची पायरी इंग्लंडमध्ये चढली गेली. तिसऱ्या एडवर्डच्या काळात, १३५१-५२ मध्ये, राजद्रोहाचा कायदा झाला. त्याच्या फ्रेंच मसुद्यात राजाच्या मुलखात राजाविरुद्ध ‘गेर’ उभारणे हा राजद्रोहाचा एक प्रकार ठरवला गेला. रॅनल्फने केले ते दोनशे वर्षांनी झाले असते तर तो मोठा ‘वेर्रे’ करणारा सरदार ठरला नसता; त्याचे डोके उडाले असते. त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी हेच वाक्य उलटे फिरले. जानेवारी १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सवर खटला भरला तेव्हा आरोप होता, की राजानेच संसद आणि तिने प्रतिनिधित्व केलेल्या प्रजेविरुद्ध ‘वॉर’ पुकारले. ३० जानेवारीला त्याचा शिरच्छेद झाला. राजाच्या हातातला शब्द राजावरच चालवता येतो हे जगाने तेव्हा पाहिले. पण शब्द प्रजेच्या हातात आला असे मात्र झाले नाही. तो राज्यसंस्थेकडे गेला.

इथून ही गोष्ट आपल्या दारात येते. मराठ्यांशी इंग्रजांच्या तीन मोठ्या लढाया झाल्या: १७७५ ते ८२, १८०३ ते ०५ आणि १८१७-१८. इंग्रजी दप्तराने तिन्हींना ‘वॉर’च म्हटले. पेशवे, शिंदे, होळकर, भोसले या तह करणाऱ्या सत्ता होत्या. सालबाईच्या तहावर सही करायची तर समोरचा बरोबरीचा मानावा लागतो. पेशवाई बुडाल्यावर त्याच पुणे-पुरंदरच्या डोंगरांत उमाजी नाईक उठला. १८३१ साली त्याने इंग्रजांविरुद्ध जाहीरनामा काढला. त्याला ‘वॉर’ कोणी म्हटले नाही. तो दरोडेखोर ठरला आणि १८३२ मध्ये पुण्यात फासावर गेला. प्रदेश तोच, शत्रूही तोच; फरक एवढाच, की उमाजीशी तह करण्याची इंग्रजांना गरज नव्हती.

१८५७ च्या बाबतीत ही ओढाताण सर्वांत उघड दिसते. इंग्रजांनी त्याला ‘म्यूटिनी’ म्हटले. म्यूटिनी म्हणजे शिपायाने वरिष्ठाचा हुकूम मोडणे. त्यात वरिष्ठ हा वरिष्ठच राहतो. मराठीतही ‘बंड’ हाच शब्द रुळला. वरसईच्या विष्णुभट गोडशांनी त्या धामधुमीत उत्तरेत जे पाहिले ते लिहून ठेवले. चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध केले, ते बंडाची हकीकत म्हणूनच. पुढच्या दोनच वर्षांत, १९०९ मध्ये, विनायक दामोदर सावरकरांचे पुस्तक इंग्रजीत गुप्तपणे छापून निघाले. त्याच्या इंग्रजी नावात ‘वॉर’ होते, मराठीत ‘स्वातंत्र्यसमर’. प्रसिद्ध होण्याआधीच सरकारने त्यावर बंदी घातली होती. आत काय लिहिले आहे हा भाग वेगळा; नुसत्या नावानेच दावा केला होता, की सत्तावनात दोन बाजू होत्या आणि दुसरी बाजूही बाजू होती.

त्याच वर्षी नाशिकला त्यांच्या थोरल्या भावाचा, गणेश ऊर्फ बाबाराव सावरकरांचा खटला झाला. इथे कायद्याचा तपशील जवळून पाहायला हवा. १८६० च्या भारतीय दंड संहितेतले १२१ वे कलम म्हणजे तिसऱ्या एडवर्डच्या कायद्याचा हिंदुस्थानी वंशज. राणीविरुद्ध ‘वॉर’ करणे, तसा प्रयत्न करणे किंवा त्याला चिथावणी देणे, या तिन्हींना एकच शिक्षा: फाशी किंवा जन्मठेप काळे पाणी. बाबारावांनी केले होते काय? मराठी कवितांची एक पुस्तिका प्रसिद्ध केली होती. देवादिकांच्या आणि शिवाजी महाराजांच्या कथांआड सध्याच्या सरकारविरुद्ध लढण्याची शिकवण आहे, असा अर्थ न्यायालयाने लावला. जून १९०९ मध्ये जन्मठेप झाली आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. हजारोंनी हत्यार उचललेल्या सत्तावनला ‘वॉर’ म्हणणे हा अपराध. आणि बिनहत्याराच्या पुस्तिकेत ‘वॉर’ची चिथावणी. दोन्ही एकाच सरकारच्या एकाच वर्षातल्या भूमिका. यात विसंगती दिसते, पण ती वरवरची आहे. गौरव म्हणून हा शब्द नाकारायचा आणि आरोप म्हणून लावायचा, या दोन्ही गोष्टी एकाच अधिकाराच्या आहेत. विनायक सावरकरांनाही डिसेंबर १९१० मध्ये पहिली जन्मठेप झाली ती याच कलमाखाली.

या कलमाला भर न्यायालयात सर्वांत धीटपणे भिडले ते मुंबईचे वकील भुलाभाई देसाई. नोव्हेंबर १९४५ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेचे शाहनवाझ खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरबक्षसिंग धिल्लाँ यांच्यावर सम्राटाविरुद्ध ‘वॉर’ केल्याचा खटला चालला. देसाईंनी घटना नाकारल्या नाहीत. त्यांचा युक्तिवाद असा होता, की पारतंत्र्यातल्या लोकांनाही स्वतःची सेना उभारून स्वातंत्र्यासाठी युद्ध करण्याचा हक्क आंतरराष्ट्रीय कायद्यात आहे. ते युद्ध असेल तर लढणारे सैनिक ठरतात आणि सैनिकाला देशी फौजदारी कायदा लावता येत नाही. म्हणजे सरकार जो शब्द आरोप म्हणून वापरत होते तोच त्यांनी बचाव म्हणून उचलला. लष्करी न्यायालयाने तिघांना दोषी ठरवले, पण जनमत इतके खवळले होते की सरसेनापती ऑकिनलेक यांनी जन्मठेपेची शिक्षा माफ केली. स्वातंत्र्यानंतरही कलम राहिले. राणीच्या जागी भारत सरकार आले. संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की इथल्या ‘वॉर’चा अर्थ देशादेशांतल्या युद्धापुरता नाही. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यात जिवंत सापडलेल्या कसाबवरही हे कलम शाबीत झाले. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते १४७ या क्रमांकाने कायम आहे.

‘वॉर’चा एक धाकटा भाऊ आहे, आणि त्याचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. जालना जिल्ह्यातल्या असईच्या रणात २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. तोच वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, सहा वर्षांनी स्पेनमध्ये नेपोलियनच्या सैन्याशी लढत होता. तिथले गावकरी फ्रेंचांच्या पिछाडीवर छापे घालून डोंगरात पसार होत. या प्रकाराला स्पॅनिश लोक ‘गेरिया’ म्हणत, म्हणजे छोटे ‘गेर्रा’, लहानसे युद्ध. १८०९ च्या वेलिंग्टनच्या पत्रव्यवहारात हा शब्द इंग्रजीत आलेला दिसतो, आणि तोही लढाईसाठी नव्हे तर लढणाऱ्यांसाठी. मराठीत त्याला ‘गनिमी कावा’ म्हणतात. गनीम म्हणजे शत्रू. मोगली कागदपत्रांत मराठ्यांचा उल्लेख असाच येतो. स्पेनचे नाव आतून आले, आपले बाहेरून. दोन्हींकडे एक गोष्ट सारखी: अशी लढाई करणाऱ्याला सैनिक म्हणायचे की लुटारू, हे दर वेळी समोरच्या सत्तेने ठरवले.

आता विसावे शतक. २७ ऑगस्ट १९२८ रोजी पॅरिसमध्ये केलॉग-ब्रियां करार झाला. राष्ट्रीय धोरणाचे साधन म्हणून ‘वॉर’चा त्याग करतो, अशी प्रतिज्ञा बड्या राष्ट्रांनी केली. जपानचीही सही होती. तीन वर्षांत जपानने मंचुरिया गिळला आणि त्याला ‘घटना’ असे नाव दिले. १९३७ मध्ये चीनवर पूर्ण ताकदीनिशी चाल केली, लाखो माणसे मेली, तरी जपानी सरकारी भाषेत ती ‘चीन घटना’च. यात कराराची भीती होती तितकाच अमेरिकी तटस्थता कायद्याचा हिशेब होता. युद्ध जाहीर झाले असते तर अमेरिकेतून येणारा माल थांबला असता. चीनलाही हाच माल हवा होता, म्हणून त्यानेही डिसेंबर १९४१ पर्यंत औपचारिक युद्ध पुकारले नाही. मारणारा आणि मरणारा दोघेही एकच शब्द टाळत होते.

पुढे हा शिरस्ताच पडला. जून १९५० मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी पत्रकारांना सांगितले की अमेरिका युद्धात नाही. ही ‘पोलीस कारवाई’ म्हणायची का, या प्रश्नाला त्यांनी होकार दिला. त्या कारवाईत कोरियात सुमारे ३६ हजार अमेरिकी सैनिक कामी आले, कोरियन आणि चिनी मृत्यू त्याहून कितीतरी अधिक. १९५६ मध्ये सुवेझवर फौजा पाठवून ब्रिटिश पंतप्रधान ईडन यांनी संसदेत खुलासा केला, की इजिप्तशी आपले युद्ध नसून सशस्त्र संघर्ष चालू आहे. अमेरिकेच्या काँग्रेसने रीतसर युद्ध जाहीर केले ते शेवटचे जून १९४२ मध्ये, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. त्यानंतर व्हिएतनाम झाले, इराक झाले, अफगाणिस्तान झाले. रशियाने फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर चाल केली तिचे अधिकृत नाव ‘विशेष लष्करी कारवाई’. लगेच मार्चमध्ये सैन्याबद्दल ‘खोटी माहिती’ पसरवण्याविरुद्ध कायदा झाला, आणि त्याखाली मॉस्कोच्या एका नगरसेवकाला सात वर्षांची कैद झाली. बैठकीत लहान मुलांच्या चित्रकला स्पर्धेचा विषय निघाला असताना त्याने तिकडे मुले मरत असल्याचे बोलून दाखवले होते.

शब्द टाळण्यात राजकारण असते हे आपण ओळखून असतो. पण त्यात रोकडाही असतो, आणि तो विम्याच्या करारात दिसतो. जवळजवळ प्रत्येक मोठ्या मालमत्ता विम्यात एक वाक्य असते: ‘वॉर’मुळे झालेले नुकसान भरून मिळणार नाही. सप्टेंबर १९७० मध्ये पॅलेस्टिनी गटाने पॅन अमेरिकन कंपनीचे बोइंग ७४७ पळवून कैरोला नेले आणि प्रवासी उतरल्यावर उडवून दिले. विमा कंपन्यांनी युद्धाच्या कलमाकडे बोट दाखवले. १९७४ मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने सांगितले, की युद्ध हे राज्यसत्ता किंवा तत्सम सत्ता यांच्यातच होते. हा गट तसा नाही, तेव्हा पैसे भरा. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ नावाच्या संगणकी हल्ल्याने मर्क या औषध कंपनीची हजारो यंत्रे बंद पाडली. दावा सुमारे १.४ अब्ज डॉलरचा. हल्ल्यामागे रशियाचे लष्कर आहे, म्हणून हे युद्ध, असे विमा कंपन्यांचे म्हणणे. न्यू जर्सीच्या न्यायालयांनी २०२२ आणि २०२३ मध्ये ते फेटाळले. २०२४ च्या सुरुवातीला तडजोड झाली. बोमान्वारने तेराव्या शतकात घराणे पाहून जो निवाडा केला असता, तोच आज राज्यसत्ता पाहून केला जातो.

याच काळात शब्दाचे दुसरे टोक सैल सुटले. जिथे खरोखर तोफा चालतात तिथे ‘वॉर’ म्हणायचे नाही, आणि जिथे तोफांचा संबंध नाही तिथे धडाक्याने म्हणायचे. अध्यक्ष जॉन्सन यांनी जानेवारी १९६४ मध्ये गरिबीविरुद्ध ‘वॉर’ पुकारले. १९७१ मध्ये निक्सन यांनी अमली पदार्थांना पहिल्या क्रमांकाचा शत्रू ठरवले आणि ‘वॉर ऑन ड्रग्ज’ सुरू झाले. सप्टेंबर २००१ नंतर दहशतवादाची पाळी आली. असल्या ‘वॉर’ला समोर तह करणारा पक्ष नसतो, म्हणून शेवटही नसतो, मात्र सरकारला तातडीचे अधिकार आणि निधी मिळतो. खात्यांची नावेही याच तालावर बदलली. ब्रिटनचे ‘वॉर ऑफिस’ १९६४ मध्ये संरक्षण मंत्रालयात विरघळले. अमेरिकेचे १७८९ पासूनचे ‘वॉर’ खाते १९४७ मध्ये मोडून पुढे संरक्षण खाते झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी जुने नाव पुन्हा वापरण्याचा आदेश काढला.

मराठीने हा शब्द आपल्या गरजेपुरता उचलला आहे. राष्ट्रांच्या लढाईला ‘युद्ध’ आहेच. ‘वॉर’ आले ते जोडशब्दांत. कोरोनाच्या लाटेत मुंबई महापालिकेने आपल्या २४ प्रशासकीय विभागांत खाटांच्या वाटपासाठी ‘वॉर्ड वॉर रूम’ उघडल्या. नात्याने परके दोन शब्द तिथे एका पाटीवर आले. निवडणुकीत प्रत्येक पक्षाची ‘वॉर रूम’ असते. सर्वांत खोल रुजलेला जोडशब्द मात्र ‘गँगवॉर’. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या मुंबईच्या बातम्या त्याशिवाय लिहिता आल्या नसत्या. दोन टोळ्या, इलाक्यावरून वैर, माणसामागे माणूस, मध्येच तडजोड आणि पुन्हा खून. न्यायालयाच्या दृष्टीने तो निव्वळ गुन्हा. पण बोलणाऱ्यांच्या ओठांवर तो ‘वॉर’ झाला, आणि टकल्या चार्ल्सच्या कारकुनाने सामान्यांच्या तोंडचा म्हणून नोंदवलेला अर्थ याहून फार निराळा नव्हता.

नावावरून चाललेल्या या खेळावर उत्तर शोधण्याचा एक गंभीर प्रयत्न झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने प्रास्ताविकात ‘वॉर’चा धिक्कार केला, पण बंदीच्या कलमात हा शब्द ठेवला नाही, तिथे बळाचा वापर आणि बळाची धमकी असे शब्द आहेत. १९४९ च्या जिनिव्हा करारांनी आणखी पुढे पाऊल टाकले. चारही करारांत समान असलेल्या दुसऱ्या अनुच्छेदानुसार, युद्ध जाहीर झालेले असो वा नसो, एखादा पक्ष ते मान्य करो वा न करो, सशस्त्र संघर्ष प्रत्यक्षात चालू असला की नियम लागू. जखमीला उपचार, कैद्याला संरक्षण, सामान्य माणसाला अभय. ‘घटना’ आणि ‘कारवाई’ या शब्दांचा अनुभव घेतलेल्या मसुदाकारांनी कायदा नावावरून काढून वस्तुस्थितीवर ठेवला. पालन किती होते हा प्रश्न उरतोच, पण नाव नाकारून जबाबदारी टाळण्याची वाट कागदावर तरी बंद झाली.

या पुस्तकाची मांडणी याच क्रमाने केली आहे. पहिल्या भागात शब्दाचे कूळ आणि त्याची युरोपातली भावंडे आहेत. भाषेची आवड असणाऱ्यांनी तिथून सुरुवात करावी. दुसरा भाग कायद्याचा आहे: राजद्रोहाच्या कायद्यापासून दंड संहितेपर्यंत, आणि त्या संहितेखाली उभ्या राहिलेल्या आपल्याकडच्या खटल्यांचा. तिसऱ्यात गेल्या शंभर वर्षांतले नकार आणि अतिरेक दोन्ही आहेत. भाग कोणत्याही क्रमाने वाचले तरी चालतील. मात्र प्रत्येक प्रकरण वाचताना एक सवय ठेवावी. कोणी ‘युद्ध’ म्हटले किंवा म्हणायचे टाळले, की आधी प्रत्यक्षात काय चालले आहे ते पाहावे: कोण मरते आहे, कोण कैदेत आहे, कोणाची घरे पडत आहेत. मग विचारावे, हे नाव दिल्याने किंवा नाकारल्याने कोणाचे पैसे वाचतात, कोणाला कोणते अधिकार मिळतात, कोण सैनिक ठरतो आणि कोण गुन्हेगार. हे प्रश्न विचारण्यासाठी इंग्रजी यावे लागत नाही, वकीलही व्हावे लागत नाही. सकाळचे वर्तमानपत्र पुरते.